निसळ सरांच्या तळटिपा

पुणतांब्याच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या शामकांत निसळ सरांना लाल शाईत कोणी काही लिहून दिलं, ते पंचेचाळिशी उलटल्यावर. तोवर लाल शाई ही सरांच्या मालकीची वस्तू होती. गावातल्या दोन पिढ्यांच्या वह्यांवर त्यांनी ती सढळ हाताने वापरली होती आणि ती एक दिवस आपल्याच कागदावर येऊन पडेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण पंच्याण्णव साली एम.फिल.च्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण नगरहून तपासून आलं. सरांनी पाकीट फोडून बघितलं, तर पहिल्याच वाक्याखाली लाल शाईत एकच शब्द होता: 'कशावरून?'

वाक्य साधंच होतं. 'मानवी जीवनात नावाला अनन्यसाधारण महत्त्व आहे, हे सर्वश्रुतच आहे.' याच्याशी कोणी भांडेल असं सरांना वाटलं नव्हतं. दुसरं वाक्य, 'आपल्या थोर पूर्वजांनी हे फार पूर्वीच ओळखले होते.' त्याखाली, 'कोणत्या पूर्वजांनी? कुठे म्हटलंय? कशावरून?' तिसऱ्या वाक्यात सरांनी सूर्याची उपमा दिली होती, ती सबंध खोडलेली होती. प्रकरण संपेपर्यंत कागदावर निळ्यापेक्षा लाल जास्त झालं होतं.

"अहो, विचारलंय तर सांगा की कशावरून ते," लसूण सोलता सोलता इंदू म्हणाल्या. इंदू म्हणजे सरांच्या सौभाग्यवती.

"अगं, सर्वश्रुत असतं ते सांगायचं नसतं."

"मग लिहायचं कशाला?"

यावर सरांकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि इंदू तोवर लसूण घेऊन आत गेल्या होत्या.

खरं दुखणं वेगळंच होतं. लाल शाईने लिहिणारी बाई म्हणजे नगरच्या एका कॉलेजातल्या डॉ. जयमाला पगारे, सरांच्या मार्गदर्शक. आणि डॉ. जयमाला पगारे म्हणजे स्टेशनपलीकडची जयमाला, जी पंधरा-वीस वर्षांपूर्वी सरांच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसून मुकाट्याने शुद्धलेखन लिहायची. विद्यापीठाच्या यादीत जागा रिकामी असलेली मार्गदर्शक तेवढी एकच निघाली. तिला हाक काय मारायची हा प्रश्न सरांनी बरेच दिवस चघळला आणि शेवटी सोडवला. समोर असली की 'मॅडम', घरी 'आपली जयमाला' आणि लाल शाई आली की 'ती पगारे'.

माघार घ्यायची सोय नव्हती. शिक्षकांच्या खोलीत सरांनी एम.फिल.ची घोषणा करून टाकली होती. घराच्या दारावर नवीन पाटी लावताना पेंटरला नावापुढे हातभर जागा कोरी सोडायला लावली होती आणि येणारा जाणारा विचारत होता, की सर, इथं काय यायचंय. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. या दिवाळीनंतर लघुप्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती, आणि मग ती कोरी जागा घेऊन सरांना उरलेली नोकरी काढावी लागणार होती.

तेव्हा सर पॅसेंजर पकडून नगरला गेले.

जयमालाने उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग त्यांच्या शीर्षकावर बोट ठेवलं. 'भारतीय लोकजीवनातील नामसंकल्पना : स्वरूप, आशय आणि चिंतन.'

"सर, हे एका जन्मात व्हायचं नाही. आपण एवढंच घेऊ या का? पुणतांब्यातली टोपणनावं. कोणाला काय म्हणतात, का म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात का पाठीमागे."

"टोपणनावं? मॅडम, हा काय संशोधनाचा विषय आहे?"

"आजवर कोणी लिहिलेलं नाही म्हणजे आहे. तुम्ही तिथेच राहता, लोक तुमच्याशी बोलतात." मग तिने लहान मुलाला सांगावं तसं, पण आदराने, सगळं सांगितलं. जे वाक्य लिहाल ते कुठून आलं ते सांगायचं. पुस्तकातून आलं असेल तर पुस्तकाचं नाव, माणसाकडून आलं असेल तर माणसाचं, पानाच्या तळाशी, आकडा घालून. आपलं मत असेल तर ते आपलं म्हणून लिहायचं, आणि दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवायचं नाही. एका वाक्यात एकच गोष्ट. सूर्य, सागर, नंदादीप यांना सुट्टी द्यायची. "आणि सर, सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांच्याविषयी लिहाल त्यांना आधी..." ती पुढे परवानगीबद्दल काहीतरी सांगत होती. पण तळटिपेवरून सरांना त्यांच्या बी.एड.च्या प्राचार्यांची एक हकिकत आठवली होती. ती सांगून पूर्ण होईपर्यंत गाडीची वेळ झाली.

गावात परतल्यावर पहिला सल्ला शेजारच्या राधाकृष्ण मुळ्यांनी दिला. मुळे बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पुतण्याने पुण्यात पीएच.डी. केलेली असल्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द आपला असं ते धरून चालत.

"शामराव, प्रबंध हातात घेतला की हात खाली गेला पाहिजे. परीक्षक वाचत नाहीत, तोलतात. मधूनमधून संस्कृत श्लोक टाका. श्लोकाला कोणी कशावरून विचारत नाही."

"हल्ली विचारतात," सर म्हणाले.

"आणि टोपणनावं हवी असतील तर माझ्याकडे भरपूर आहेत. तो टायपिंगवाला मच्छिंद्र, त्याला काय म्हणतात माहीत आहे का? पण माझं नाव घेऊ नका."

हे शेवटचं वाक्य सरांना पुढचे काही महिने दारोदार ऐकू आलं. शाळा सुटली की सर खांद्याला पिशवी लावून निघत. पहिला मुक्काम स्टेशनवरच्या बाकावर, रंभाजी पगाऱ्यांकडे. रंभाजी रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झाले होते आणि नात्याने जयमालाचे चुलते होते. निवृत्तीनंतरही ते रोज स्टेशनवर येत, कारण त्यांच्या मते गाडीचा भरवसा नव्हता.

"आमच्या जयानं काम लावलं व्हय तुमाला?" ते खुशीत म्हणाले. "बसा. नावं लई हायती. सोसायटीचा तो म्हातारा चेअरमन हाय ना, त्याला सिग्नल म्हन्त्यात. घरातनं कारभारनीचा हात वर झाल्याबिगर गडी जागचा हालत न्हाई. पन सर, माजं नाव घेऊ नका."

"रंभाजी, नाव घ्यावंच लागतं. ते शास्त्र आहे. पण वर नाही, खाली घेतो. पानाच्या तळाला, बारीक अक्षरात."

शेजारी पेरूची पाटी मांडून बसलेल्या केशरबाईंनी कान टवकारले. "किती बारीक?"

"मुंगीएवढं."

"मग ते सिग्नलचं माज्या नावावर लिवा. पहिल्यांदा मीच ठिवलंय ते. आन मुंगीएवढं कोन वाचतंय आमच्या गावात?"

मुंगीचा हा हिशेब गावभर पसरला आणि माहितीला पूर आला. ज्यांना आजवर शेजाऱ्याविषयी बोलायला जागा मिळत नव्हती ते शास्त्रासाठी बोलू लागले. बाग लावणार लावणार म्हणत म्हातारा झालेला 'मोसंबी' मिळाला. कोणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला हमखास सापडणारा 'मांडव' मिळाला. मच्छिंद्राने टाइपरायटरवर रिबन चढवता चढवता राधाकृष्ण मुळ्यांचं नाव दिलं, 'व्याज'. शेजाऱ्यांनी वाटीभर साखर उसनी नेली की परत घेताना मुळे वाटीला शीग आहे का ते वाकून बघतात म्हणून. मुळ्यांनी आधीच मच्छिंद्राचं दिलेलं होतं, 'उद्या'. दोघांनीही एकमेकांविषयी सांगताना तोच आवाज खाली केला होता आणि तीच कुजबुज केली होती.

सरांना या कामाची गोडी लागली. ते इमानेइतबारे लिहीत होते. एका वाक्यात एक गोष्ट, खाली आकडा, आकड्यापुढे नाव. ज्याचं टोपणनाव त्याचं खरं नाव मात्र त्यांनी कुठेही घातलं नाही. इतकी सभ्यता त्यांच्यात होती. 'व्याज : बँकेतून निवृत्त झालेले, शाळेच्या मागे राहणारे एक गृहस्थ.' गावात बँकेतून निवृत्त झालेला माणूस एकच होता आणि शाळेच्या मागे घरं दोन होती, त्यातलं एक सरांचं. पण शास्त्रीय भाषेत लिहिलं की माणूस ओळखू येत नाही अशी सरांची प्रामाणिक समजूत होती.

जयमालाकडून प्रकरणं परत येऊ लागली, तशी लाल शाई ओसरू लागली. एका पानावर तर तिने 'चांगलं' असं लिहिलं होतं. सरांनी ते पान इंदूंना दाखवलं, शाळेत नेऊन दाखवलं आणि मग परत आणून पुन्हा इंदूंना दाखवलं.

दिवाळी तोंडावर आली आणि सरांनी सबंध हस्तलिखित टाइप करायला मच्छिंद्राकडे दिलं. गावात मराठीचं मशीन एकट्या त्याच्याकडे होतं, त्यामुळे दुसरा विचारच त्यांच्या डोक्यात आला नाही. आपण ज्याच्याविषयी लिहिलंय त्याच्याच हातात कागद देतोय हे त्यांच्या लक्षात येऊ नये, याचं इंदूंना पुढे कित्येक वर्षं आश्चर्य वाटत राहिलं.

मच्छिंद्र टाइप करताना वाचत नसे. तो म्हणायचा की वाचलं की हात चुकतो. त्यामुळे सिग्नल, मोसंबी, मांडव, व्याज हे सगळे त्याच्या बोटांखालून बिनबोभाट निघून गेले. 'उद्या : गावातील टंकलेखनालयाचे चालक. कोणतेही काम कधी होईल असे विचारले असता एकच उत्तर देतात,' इथपर्यंत टाइप करून झालं, ओळ सरकवताना मशीनची घंटा वाजली आणि मच्छिंद्राने मान वर केली. मग त्याने ते परत वाचलं. मग खालचा आकडा बघितला आणि आकड्यापुढचं नाव बघितलं. 'माहिती : श्री. राधाकृष्ण मुळे.'

त्याने मशीनवर कापड टाकलं आणि पहिल्या पानापासून फक्त तळटिपा वाचायला बसला. टायपिंग शिकायला आलेल्या मुलींनी त्याच्या खांद्यावरून वाचल्या. पाणी प्यायला थांबलेल्यांनी वाचल्या. वरचा मजकूर कोणी वाचला नाही, पण संध्याकाळपर्यंत गावात कोणी कोणाला काय म्हटलं याची आकडेवार खबर घरोघर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सर कागद आणायला गेले तर टायपिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टाइप कोणीच करत नव्हतं. मुळे एका कोपऱ्यात, मच्छिंद्र दुसऱ्या कोपऱ्यात. एकमेकांशी अबोला होता, पण सरांवर राग दोघांचा सारखाच होता. सोसायटीचे चेअरमन मधोमध बाकावर बसले होते.

"सर, मी घरी विचारलं," चेअरमन गंभीरपणे म्हणाले. "घरी म्हणाल्या, जाऊन जाब विचारून या. म्हणून आलो."

केशरबाई पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मुंगीएवढं म्हन्ला हुता तुमी."

"मुंगीएवढंच आहे हो, केशरबाई."

"पन चावली की. चेअरमनच्या कारभारनीनं कालपास्नं माज्याकडचं पेरू बंद केलं."

"शामराव," मुळे म्हणाले, "वीस वर्षांचा शेजार आहे आपला. साखरेच्या वाटीपायी मला तुम्ही विद्यापीठात नेऊन बसवलंत."

सर म्हणाले की यात व्यक्ती महत्त्वाची नसते, प्रवृत्ती महत्त्वाची असते. मग प्रवृत्ती म्हणजे काय ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. ते चुकलंच. अर्धी माणसं आणखी भडकली आणि अर्धी उठून चहाला गेली.

"हे पान टाइप होणार नाही," मच्छिंद्र म्हणाला. "पुढचंही नाही."

सर पहिल्या गाडीने नगरला गेले. सबंध वाटेत त्यांना दारावरची पाटी दिसत होती. जयमालाने सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. म्हणजे तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"मॅडम, तळटिपांतली नावं काढून टाकली तर?"

"मग कशावरूनचं काय करायचं, सर?"

सरांनी मान खाली घातली. आपण हाच प्रश्न आता स्वतःलाच विचारायला लागलोय हे कळून त्यांना जरा बरंही वाटलं आणि जरा वाईटही.

"परवानगी घेतली होती का त्यांची? मी पहिल्याच दिवशी सांगत होते."

"सांगत होतीस... होतात. मी तेव्हा बोलत होतो."

"मग आता घ्या. एकेकाला त्याचं पान वाचून दाखवा. सांगणाऱ्यालाही, आणि ज्याच्याविषयी सांगितलंय त्यालाही. चूक असेल तर दुरुस्त करा. नको म्हणाला तर काढून टाका. लिहिताना हेच पहिलं असतं, सर, बाकीचं सगळं नंतर."

"आणि मुदत?"

"मुदत विद्यापीठाची आहे. माझी असती तर मीही वाढवली नसती."

रविवारी टायपिंगच्या दुकानापुढे सतरंजी टाकली गेली. रंभाजींनी आपण होऊन अध्यक्षस्थान घेतलं. सरांनी पानं वाचायला सुरुवात केली, दोन-तीन नावं झाली आणि काहीतरी वेगळंच सुरू झालं.

"इशारा नका लिहू," चेअरमन म्हणाले. "सल्ला लिहा. घरातून सल्ला आल्याशिवाय हलत नाहीत. ते बरोबर आहे."

"शीग मी बघत नाही, तो आरोप खोटा आहे," मुळे म्हणाले. "मी वाटी सपाट आहे का ते बघतो. सपाट लिहा, मग राहू द्या."

सरांनी दुरुस्ती केली. मच्छिंद्र म्हणाला की आपण उद्या म्हणतो हे खरं, पण उद्या म्हटल्यावर परवा काम देतो हेही लिहा. तेही लिहिलं. ज्याला 'मोसंबी' म्हणत त्याने उभं राहून जाहीर केलं की या वर्षी नक्की. मागे उभ्या असलेल्या दोघांची तक्रार वेगळीच होती. त्यांची टोपणनावं या पुस्तकात आलीच नव्हती आणि ती का आली नाहीत याचा खुलासा त्यांना हवा होता. सरांच्या जिवात जीव आला. सगळ्यांच्या सह्या झाल्या की मच्छिंद्र मशीनवरचं कापड काढणार, असं चित्र त्यांना स्पष्ट दिसू लागलं.

तेवढ्यात मुळ्यांनी घसा खाकरला. "सगळ्या गावाचं झालं. लिहिणाऱ्याचं कुठंय?"

सर मनापासून हसले. "मला नाव पडलेलं नाही, राधाकृष्णराव. मी तसा विचारही करून बघितला. काही माणसांना नाव पडत नाही."

यावर कोणी हसलं नाही. केशरबाई पाटीतले पेरू उगाच वरचे खाली करू लागल्या. मच्छिंद्राने दुकानाच्या पायरीवरची धूळ झटकायला घेतली. चेअरमननी घराच्या दिशेने बघितलं. रंभाजी वर आभाळाकडे बघत राहिले, आणि आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं.

"आहे का?" सरांनी विचारलं.

"हाय," रंभाजी म्हणाले.

"काय आहे?"

"आमी कसं सांगावं? पोरं शिकत्यात आमची तुमच्या वर्गात. तुमी हुडका. आमच्या नावांसंगं तुमचं बी घाला, खाली सांगनाऱ्याचं नाव लिवा, मग आमच्या सह्या."

सर घरी आले आणि पायातली चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. इंदू भाकरी थापत होत्या.

"मला गावात काय म्हणतात, तुला माहीत आहे?"

इंदूंचा हात थांबला. मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "थोडक्यात."

"थोडक्यात काय?"

"तेच नाव आहे. थोडक्यात. तुम्ही म्हणता ना वर्गात, थोडक्यात सांगायचं तर. आणि मग तास संपल्याची घंटा होते. लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं मला. गिरणीत दळण घेऊन गेले, तर गिरणीवाला पोराला म्हणाला, थोडक्यातांचा डबा अलीकडे घे."

सर पाटावर बसले. त्यांना वाईट वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं. इतकी वर्षं सबंध गाव त्यांना नमस्कार करत होतं आणि सबंध गावाला हे माहीत होतं. मुलांना माहीत होतं. त्या मुलांची आता मुलं होती, त्यांनाही माहीत असणार. जयमालालाही माहीत असणार, हे आठवल्यावर तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला लागले होते. तुम्ही मधेच दुसरं काही सांगायला लागलात." इंदूंनी भाकरी उलटली. "आणि वाईट काय आहे हो त्यात? तुमच्या आधी होते ते मराठीचे मास्तर, त्यांना नावच नव्हतं. आज कोणाला आठवतात का ते? तुम्हाला नाव ठेवायला पोरांना निदान तुमचं ऐकावं तरी लागलं."

चुलीवर भाकरी फुगली. मग ते उठले, कागद आणला आणि तिथेच बसून लिहिलं, 'थोडक्यात : गावातील मराठीचे शिक्षक, प्रस्तुत लेखक. या शब्दाने सुरुवात करतात, पण शेवट करत नाहीत.' त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी नोंद ती.

"खाली कोणाचं नाव घालू?"

"माझं घाला. आणि सौ. नको, नुसतं इंदू निसळ लिहा. माहिती माझी आहे."

ती नोंद सतरंजीवर वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदा मुळे हसले, मग मच्छिंद्र, मग सगळं गाव, आणि आश्चर्य म्हणजे सरही हसले. हसता हसता मुळे आणि मच्छिंद्र यांचा अबोला कुठे गेला तेही कळलं नाही. सह्या झाल्या. मच्छिंद्राने मशीनवरचं कापड ओढलं आणि कधी देशील असं कोणी विचारायच्या आत आजच बसतो म्हणाला.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती, पण पुण्याला विद्यापीठाची खिडकी होती. खिडकीतल्या माणसाने बांधणी बघितली, समास बघितले, पानं उलटीसुलटी करून बघितली आणि प्रमाणपत्राच्या पानावर थांबला. मार्गदर्शकाची सही लाल शाईत होती. जयमालाने सवयीने तेच पेन उचललं होतं.

"लाल चालत नाही. निळी किंवा काळी."

"अहो, सही त्यांचीच आहे."

"कशावरून?" खिडकीतला माणूस म्हणाला.

सर पुण्याहून नगरला आले, निळी सही घेतली आणि पुन्हा पुण्याला गेले. खिडकी बंद होताहोता लघुप्रबंध आत सरकला, तेव्हा सरांना भुकेची जाणीव झाली.

मौखिक परीक्षा नगरला, जयमालाच्या कॉलेजात होती. इंदू आणि रंभाजी बरोबर आले होते आणि बाहेर बाकावर बसले होते. परीक्षक कोल्हापूरकडचे, वयस्कर, जाड भिंगांचे. त्यांनीही लघुप्रबंध खालूनच वाचला असावा, कारण ते पानांचा तळ बघूनच पानं उलटत होते आणि मधूनमधून गालात हसत होते. त्यांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या. सरांनी बरी उत्तरं दिली. मग परीक्षकांनी चष्मा काढला.

"शेवटचं. या सगळ्या कामातून तुम्हाला काय सापडलं, निसळ? थोडक्यात सांगा."

जयमाला एकदम खिडकीबाहेर बघू लागली. सरांनी श्वास घेतला. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, त्याला प्रस्तावना होती, पार्श्वभूमी होती, बी.एड.च्या प्राचार्यांची हकिकत होती. त्यांनी तो श्वास हळूहळू सोडून दिला.

"माणसं दुसऱ्याविषयी वाटेल ते सांगतात, सर. खाली तुमचं नाव लिहितो म्हटलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, की तेवढंच सांगतात जेवढं खरं आहे."

परीक्षकांनी पेन तसंच धरून ठेवलं. "पुढे?"

"झालं."

जयमालाने मान वळवली आणि सरांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हसून आलं होतं की कशाने, ते सरांना कळलं नाही. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती तेव्हा ती अशीच दिसत होती. परीक्षक उठले, टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणाले, "अभिनंदन, निसळ."

बाहेर आल्यावर सर फक्त 'चला, गाडी चुकेल' एवढंच म्हणाले. डब्यात जागा मिळाली, गाडी सुटली आणि रंभाजींना राहवेना.

"काय इचारलं वो आत? काय झालं?"

इंदूंनी पदर सावरला आणि खिडकीला डोकं टेकून बसल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा एकदाच बघितला होता आणि त्यांना हवं ते कळलं होतं.

"थोडक्यात सांगायचं तर," सर म्हणाले आणि पाय वर घेऊन नीट बसले.

विळद गेलं तेव्हा ते कॉलेजच्या दारात होते. वांबोरीला शिपायाने पाणी आणून दिलं. राहुरीला परीक्षक आत आले, त्यांचा चष्मा, त्या चष्म्यावरून सरांच्या प्राचार्यांचा चष्मा, असं करत बेलापूर आलं. पुणतांब्याला उतरले तेव्हा पहिला प्रश्न नुकताच विचारून झाला होता. रंभाजींचं घर स्टेशनच्या पलीकडे, पण ते सरांच्या पिशव्या हातात घेऊन गावाच्या बाजूने, थेट सरांच्या दारापर्यंत चालत आले, कारण निकाल काय लागला ते त्यांना अजून कळायचं होतं.